भाड्याचे घर सोडताना : नोटीस, चावी आणि ताबापावती

वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरे

या वेळच्या टपालात भाड्याचे घर सोडण्याविषयीची पत्रे सर्वाधिक होती. घरमालकाने घर खाली करायला सांगितले तर काय करावे, हे विचारणारे नेहमीच असतात; परंतु स्वतःहून घर सोडणाऱ्यालाही तेवढीच काळजी घ्यावी लागते, हे बहुतेकांच्या लक्षात डिपॉझिट अडकल्यावरच येते. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात तिचा घोळ आहे. आज महाराष्ट्रातील शहरांत राहण्याचे घर बहुधा लीव्ह अँड लायसन्स करारावर दिले जाते. कायद्याच्या भाषेत तो भाडेपट्टा नसून परवाना, म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी, असतो. भाडेपट्ट्याला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो, तर परवान्याला त्याच वर्षीचा भारतीय सुविधाधिकार कायदा. म्हणून इंटरनेटवरून उतरवलेल्या मसुद्यातील ‘कलम 106 अन्वये पंधरा दिवसांची नोटीस’ हे वाक्य लीव्ह अँड लायसन्सच्या घराला चालत नाही. तेथे आपल्या करारनाम्यात जी मुदत लिहिली असेल तीच पाळायची असते.

प्रश्न : पुण्यात खराडीला आम्ही 1 मार्चपासून अकरा महिन्यांच्या करारावर राहत आहोत. भाडे 24,000 रुपये आणि डिपॉझिट 72,000 रुपये आहे. सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे घर सोडता येत नाही अशी करारातली मुदत, ऑगस्टअखेर संपला. यजमानांची बदली झाल्याने 1 सप्टेंबरला मी घरमालकांना फोन करून महिनाअखेर घर सोडत असल्याचे सांगितले. ते ‘बघू, बोलू’ म्हणाले. 8 तारखेला व्हॉट्सअॅपवर तेच लिहून पाठवले. निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आले नाही. शेवटी 12 तारखेला स्पीड पोस्टने पत्र पाठवले, ते 15 सप्टेंबरला त्यांना मिळाले. आता त्यांचे म्हणणे असे की ऑक्टोबरचे पूर्ण भाडे द्यावेच लागेल. करारात ‘एक महिन्याची लेखी पूर्वसूचना’ एवढेच शब्द आहेत. ऑक्टोबरचे पूर्ण भाडे आम्ही देणे लागतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : पूर्ण महिन्याचे भाडे देणे आपण लागत नाही, मात्र सप्टेंबरअखेर आपण मोकळ्या झालात, असेही म्हणता येणार नाही. फोनवरचे बोलणे ‘लेखी’ या शब्दात बसत नाही, त्यामुळे 1 सप्टेंबर ही तारीख सोडून द्यावी.

व्हॉट्सअॅपच्या संदेशाचे तसे नाही. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 4 नुसार, जेथे लेखी स्वरूप आवश्यक आहे तेथे इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील मजकूरही लेखीच समजला जातो, आणि 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली, समोरच्याने उघडून पाहिलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले होते. तेव्हा आपल्याला 8 सप्टेंबरचा मुद्दा मांडता येईल. तरीही माझा सल्ला आहे की करारात नोटीस कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या मार्गाने द्यायची हे लिहिले आहे का, ते आधी पाहावे. ‘नोंदणीकृत टपालाने’ असे शब्द असतील, तर व्हॉट्सअॅपच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

स्पीड पोस्टच्या पत्राबद्दल मात्र वाद संभवत नाही. पूर्वसूचना पत्र टाकल्याच्या दिवसापासून न मोजता ते मिळाल्याच्या दिवसापासून मोजावी. शिवाय कायद्यात ‘महिना’ म्हणजे कॅलेंडरचा महिना, मोजून तीस दिवस नव्हेत. 15 सप्टेंबरला मिळालेल्या पत्राची मुदत 15 ऑक्टोबरला पूर्ण होते. ऑक्टोबरच्या एकतीस दिवसांपैकी पंधरा दिवसांचे भाडे 11,613 रुपये होते, आणि तेवढेच आपण द्यावे. घरमालक मागत आहेत त्यापेक्षा ही रक्कम 12,387 रुपयांनी कमी आहे. व्हॉट्सअॅपची तारीख धरली तर आणखी सुमारे 5,400 रुपये वाचतील, पण तेवढ्यासाठी वाद वाढवून 72,000 रुपयांचे डिपॉझिट अडकवून घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. एक अपवाद सांगतो : ‘पूर्वसूचनेची मुदत महिनाअखेरीस संपली पाहिजे’ असे वाक्य करारात असेल, तर घरमालकांचे म्हणणे बरोबर ठरेल. आपण उद्धृत केलेल्या शब्दांत तसे काही नाही.

इतर वाचकांच्या उपयोगासाठी नोटिशीचा एक साधा मसुदा देतो. त्यासाठी वकिलाच्या लेटरहेडची गरज नसते. स्वच्छ मराठीत, स्वतःच्या सहीने लिहिलेले पत्र पुरते.

‘आपल्या मालकीची सदनिका क्रमांक ____ , पत्ता ____ , मी दिनांक ____ रोजी नोंदवलेल्या लीव्ह अँड लायसन्स करारनाम्याने (दस्त क्रमांक ____ ) वापरत आहे. करारनाम्याच्या कलम ____ नुसार मी आपणास हे पत्र मिळाल्यापासून एक महिन्याची पूर्वसूचना देत असून, दिनांक ____ रोजी सकाळी अकरा वाजता सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा आपणास देईन. त्या वेळी आपण स्वतः अथवा आपल्या लेखी अधिकारपत्रासह आपला प्रतिनिधी उपस्थित राहावा. ताबा देतेवेळी माझी ____ रुपयांची अनामत रक्कम करारनाम्याप्रमाणे परत करावी. ताबा देण्यापूर्वी सदनिका पाहून काही दुरुस्ती सुचवायची असल्यास दिनांक ____ पर्यंत कळवावे.’

यातले शेवटचे वाक्य लोक लिहीत नाहीत, आणि माझ्या मते तेच सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यामुळे चाव्या हातात आल्यानंतर अचानक काढली जाणारी ‘दुरुस्तीची’ यादी बरीच आटोक्यात राहते. करारावर नवरा-बायको दोघांच्या सह्या असतील तर पत्रावरही दोघांच्या असाव्यात. पत्र हातोहात देणार असाल तर दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असे लिहून तारीख व सही घ्यावी. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली, तेव्हा आता स्पीड पोस्टची पावती आणि पत्र पोचल्याची ऑनलाइन नोंद हे आपले पुरावे आहेत. ही नोंद संकेतस्थळावर कायम राहीलच असे नाही. ती त्याच आठवड्यात छापून ठेवावी.

प्रश्न : आमचे घरमालक परदेशात असतात. करारावर त्यांच्या वतीने त्यांच्या भावाने कुलमुखत्यारपत्राच्या आधारे सही केली आहे. आम्ही भावाच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ती ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आली. आता पुन्हा नोटीस पाठवावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पुन्हा पाठवण्याची गरज नाही, आणि परत आलेला लिफाफा मुळीच फोडू नये. तो आहे तसा, बंद आणि टपाल खात्याच्या शेऱ्यासह जपून ठेवावा. पुढे प्रकरण न्यायालयात गेलेच, तर तो तेथे उघडता येतो. योग्य पत्ता लिहून, पूर्ण टपालखर्च भरून नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे गृहीत धरण्याची तरतूद 1897 च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम 27 मध्ये आहे, आणि समोर आलेले पत्र नाकारणाऱ्याला ‘मला काही कळलेच नाही’ असे म्हणण्याची मुभा न्यायालये देत नाहीत. नकाराची तारीख हीच नोटीस मिळाल्याची तारीख समजावी.

‘घर बंद’ किंवा ‘या पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा असता, तर माझे उत्तर वेगळे असते. तशा वेळी पत्र पोचल्याचे गृहीतक खोडून काढता येते, म्हणून तेच पत्र ईमेलने, व्हॉट्सअॅपवर आणि शक्य तर मालकांच्या परदेशातील पत्त्यावरही पाठवावे. आपणही एक प्रत थेट मालकांना ईमेलने पाठवावी असे मी सुचवेन, कारण भावाभावांत बोलणे नसेल तर त्याचा त्रास आपल्याला होतो. मात्र नोटीस एजंटला देऊन ती मालकाला दिली असे समजू नये. ज्याने घर दाखवले आणि दलाली घेतली, तो मालकाचा मुखत्यार होत नाही.

प्रश्न : ठाण्यात घर घेऊन चारच महिने झाले आणि माझी नोकरी गेली. करारात सहा महिन्यांचा लॉक-इन आहे. उरलेल्या दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिटमधून कापणार, असे मालक म्हणतात. नोकरी गेली असली तरी ते असे करू शकतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नोकरी जाण्याने लॉक-इन आपोआप संपत नाही, तशी सवलत करारातच लिहून घ्यावी लागते. तरीही दोन महिन्यांचे भाडे सरसकट कापण्याचा हक्क मालकांना मिळतो, असेही नाही.

करार मोडला तर ठरलेली रक्कम द्यावी, असे करारात लिहिलेले असते तेव्हा 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 74 लागू होते. त्यानुसार ती रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि प्रत्यक्ष मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने हे 1963 मध्ये फतेहचंद प्रकरणात आणि पुन्हा 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय नुकसान कमी करण्याचे जे मार्ग समोर होते ते विचारात घ्यावेत, असे त्याच कायद्याचे कलम 73 सांगते. आपण घर सोडल्यावर दहा दिवसांत नवा भाडेकरू आला, तर मालकांचे नुकसान दहा दिवसांचे झाले, दोन महिन्यांचे नव्हे.

म्हणून नोटीस आजच द्यावी, आणि तिच्यात दोन वाक्ये अधिक घालावीत : नव्या इच्छुकांना घर दाखवण्यासाठी आपण कोणत्या वेळी उपलब्ध आहात हे एक, आणि ओळखीत कोणी घर शोधत असेल तर त्याला मालकांकडे पाठवण्याची आपली तयारी आहे हे दुसरे. असे पत्र पाठवल्यानंतर बरेच मालक एका महिन्यावर तडजोड करतात, असा माझा अनुभव आहे. तडजोड झाली तर तीही लिहूनच घ्यावी.

प्रश्न : महिन्याची रीतसर नोटीस देऊन, मुदत संपल्यावर आम्ही घर सोडले. मालक बाहेरगावी होते म्हणून चाव्या सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवल्या. दीड महिन्याने मालक म्हणतात की ताबा मिळालाच नाही, म्हणून दीड महिन्याचे भाडे आणि रंगकामाचे 18,000 रुपये कापणार. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असा कायदा झाल्याचे वाचले, पण आमच्याकडून तीन महिन्यांचे घेतले आहे. काय करावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नोटीस देणे आणि ताबा देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले आपण नीट केले, दुसरे अर्धवट राहिले. अगदी असाच एक खटला मी पाहिला आहे. एका जोडप्याने चाव्या वॉचमनकडे दिल्या, वॉचमन आठवड्याने गावी गेला, आणि त्या चाव्या तीन महिन्यांनी सोसायटीच्या कार्यालयातील खणात, सदनिकेचा क्रमांक लिहिलेल्या कागदात गुंडाळलेल्या सापडल्या. त्यांनी वेळेवर घर सोडले होते, याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. कागद मात्र एकही नव्हता.

आपल्याकडे सामान नेल्याचे टेम्पोचे बिल, सोसायटीच्या गेटवरील नोंद, त्या दिवशीचा मालकांशी झालेला संदेशव्यवहार, यातले जे असेल ते आजच गोळा करावे. ‘चाव्या वॉचमनकडे ठेवल्या आहेत’ असा संदेश आपण त्याच दिवशी पाठवला असेल आणि मालकांनी त्यावर हरकत घेतली नसेल, तर दीड महिन्याच्या भाड्याची मागणी टिकणे कठीण आहे.

रंगकामाबद्दल आधी करार वाचावा. ‘घर सोडताना रंगाचा खर्च परवानाधारकाचा’ असे स्पष्ट कलम असेल, तर वाजवी खर्च द्यावा लागेल आणि आपण बिलाची प्रत मागू शकता. असे कलम नसेल तर रोजच्या वापराने होणारी झीज, म्हणजे भिंतीवर फिका पडलेला रंग किंवा नळाला चढलेला क्षार, ही वापरणाऱ्याची जबाबदारी नसते. फुटलेले बेसिन किंवा भिंतीत मारलेली डझनभर भोके हा निराळा विषय आहे.

दोन महिन्यांच्या डिपॉझिटची मर्यादा केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. त्या नमुन्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये मान्यता दिली, पण तो राज्यांसाठी नमुना आहे. महाराष्ट्रात तो लागू झालेला नसल्याने येथे 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच चालतो. तेव्हा तो मुद्दा पत्रात घालून आपली बाजू कमकुवत करू नये.

प्रथम मालकांना हिशेबाचे पत्र पाठवून, कोणती कपात मान्य आणि कोणती अमान्य हे आकड्यांसह लिहावे व पंधरा दिवसांत उरलेली रक्कम मागावी. त्याने भागले नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी, म्हणजे दावा दाखल करण्याआधीच तडजोड घडवण्यासाठी, अर्ज करता येतो. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असली, तरी वॉचमनसारखे साक्षीदार तीन वर्षे एका जागी राहत नाहीत, हे लक्षात असू द्यावे.

ज्यांना अजून घर सोडायचे आहे त्यांनी ताबापावतीचा कागद आधीच तयार ठेवावा. त्यावर तारीख आणि वेळ, किती चाव्या दिल्या, विजेच्या मीटरचा आकडा, पाइप गॅस असल्यास त्याचा आकडा, पंखे-गिझर-कपाटे चालू स्थितीत दिल्याची नोंद, आणि परत मिळालेली किंवा मिळायची अनामत रक्कम इतके लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. सही करण्यापूर्वी दिवे लावून प्रत्येक खोलीतून सावकाश फिरत मोबाइलवर एक व्हिडिओ घ्यावा, त्यात नळ उघडून दाखवावेत आणि शेवटी मीटरचा आकडा यावा. मालक आलेच नाहीत, तर ठरल्या दिवशीच ईमेल करून ‘आम्ही ताबा देण्यास हजर होतो, चाव्या आमच्याकडे आपल्यासाठी तयार आहेत’ असे कळवावे, आणि नंतर चाव्या नोंद होणाऱ्या मार्गानेच पाठवाव्यात.

प्रश्न : आम्ही तीन मैत्रिणी एकाच करारावर राहतो. मला एकटीलाच सोडायचे आहे. माझ्यापुरती नोटीस देता येईल का?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : करारात तिघींची नावे एकत्र असतील तर एकटीच्या पत्राने आपली जबाबदारी संपत नाही, घर सोडल्यानंतरही थकलेले भाडे आपल्याकडे मागितले जाऊ शकते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे तिघी व मालक यांनी चालू करार संपवून उरलेल्या दोघींच्या, किंवा त्यांच्यासह नव्या मैत्रिणीच्या नावाने नवा करार नोंदवणे. आपल्या वाट्याचे डिपॉझिट मालक परत देणार की नवी मैत्रीण, हेही त्याच वेळी लिहून घ्यावे. यावरून मैत्रिणींत आलेला दुरावा मी पाहिला आहे, म्हणून आवर्जून सांगतो.

प्रश्न : सांगलीत माझे किराणा दुकान चौदा वर्षे भाड्याच्या गाळ्यात आहे. लेखी करार कधीच झाला नाही. महिन्याला 6,500 रुपये देतो. मुलगा पुण्याला बोलावतो आहे, म्हणून दुकान बंद करायचे आहे. लेखी करार नसताना नोटीस कशाच्या आधारे द्यायची? मालक म्हणतात, सहा महिने आधी सांगायला हवे होते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली जागा परवान्याची नसून मासिक भाड्याची आहे, त्यामुळे आरंभी सांगितलेले मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 106 येथे खरोखर उपयोगी पडते. वेगळा करार नसेल तेव्हा अशी जागा दोघांपैकी कोणालाही पंधरा दिवसांच्या नोटिशीने सोडता येते. सहा महिन्यांची मुदत शेतीच्या किंवा कारखानदारीच्या जागेसाठी आहे, किराणा दुकानाला ती लागू नाही. पूर्वी अशी नोटीस भाड्याच्या महिन्याच्या अखेरीस संपावी लागत असे आणि जुनेजाणते लोक अजून तसेच सांगतात. 2002 च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीने ती अट गेली. नोटीस लेखी व आपल्या सहीची असावी. ती टपालाने पाठवता येते, मालकांच्या हाती देता येते, किंवा त्यांच्या घरी कुटुंबातील व्यक्तीकडे वा नोकराकडे देता येते. लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने मालकावर टाकली आहे, तेव्हा करार नसल्याचा दोष आपल्याकडे घेण्याचे कारण नाही.

मात्र सही करण्यापूर्वी मनाचा निश्चय करावा. चौदा वर्षांच्या भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे मोठे संरक्षण असते. आपण नोटीस दिली, तिच्यावर विसंबून मालकांनी गाळा दुसऱ्याला देण्याचे किंवा विकण्याचे ठरवले, आणि मग आपले मन बदलले, तर त्याच कायद्याच्या कलम 16 नुसार ते आपल्याविरुद्ध ताब्याचा दावा लावू शकतात. आणि चौदा वर्षांपूर्वी आपण पागडी दिली असेल, तर हे पत्र टाकण्याआधी वकिलाला अवश्य भेटावे, कारण अशा जागेच्या हक्काला पैशातही किंमत असते आणि साध्या नोटिशीने ती हातची जाईल.

सोडायचे नक्की असेल, तर शेवटच्या महिन्यापर्यंतच्या भाड्याच्या पावत्या घ्याव्यात. पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. आपण स्वखर्चाने बसवलेल्या फळ्या आणि काउंटर काढून नेता येतील, पण त्यामुळे भिंतीला पडलेली भोके बुजवून द्यावीत. वीज मीटर आपल्या नावावर असेल तर शेवटचे बिल भरून तो बंद करण्याचा किंवा मालकांच्या नावे करण्याचा अर्ज द्यावा. शॉप अॅक्टची नोंदणी रद्द करावी. जीएसटी क्रमांक असेल तर तोही रद्द करण्याचा अर्ज ताबापावतीची प्रत हाती येताच करावा, म्हणजे नव्या दुकानदाराला त्याच पत्त्यावर नोंदणी घेताना अडचण येणार नाही.